वाहनयोग

पत्रिका पाहणारे ज्योतिषी इतर बाबतींत कितीही हात राखून बोलत असले, तरी वाहनयोगाच्या बाबतीत मोठे उदार असतात. 'वाहनयोग उत्तम आहे' हे वाक्य ऐकल्याशिवाय कोणी पत्रिका दाखवून घरी परतल्याचे मला माहीत नाही. त्यात त्यांना धोकाही काही नाही म्हणा. वाहन म्हणजे हत्तीपासून शेअर रिक्षापर्यंत काहीही. आणि मुंबईच्या आसपास राहणाऱ्या माणसाला दिवसातून चार वेळा तरी वाहनयोग असतोच. बसायला मिळण्याचा योग निराळा. त्याला गुरू, शुक्र वगैरे सोडाच, खिडकीजवळचा इसम अंधेरीला उतरणारा असावा लागतो.

मी बँकेत कारकून आहे. शिक्षणाने बी. कॉम. आणि गेली काही वर्षे वाहनकर्जाच्या टेबलावर. ज्योतिषाला जे पत्रिकेत दिसते ते मला अर्जात दिसते. आणि माझे भाकीत सहसा चुकत नाही, कारण ते मी घटना घडून गेल्यावर करतो. आमच्या छापील अर्जात 'कर्जाचा उद्देश' असा एक रकाना आहे. त्यात यच्चयावत मंडळी 'स्वतःच्या वापराकरिता' असे लिहितात. खरा उद्देश मात्र सह्या करता करता तोंडातून बाहेर पडतो. "लग्न ठरलंय हो, मे महिन्यात." "जुळं झालंय." "बदली झाली, आता तिकडे गाडीच जात नाही." "आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, तिला रिक्षात चढता येत नाही." पेट्रोल स्वस्त झाले म्हणून गाडी घ्यायला आलेला एकही इसम माझ्या टेबलाशी अजून आलेला नाही, आणि ते महागले म्हणून अर्ज फाडून परत गेलेलाही नाही.

ह्यावरून माझे असे मत झाले आहे, की वाहनांचा इतिहास लिहिणाऱ्यांची सुरुवातच चुकते. ते बिचारे चाकापासून निघतात, वाफेच्या इंजिनाशी चहा घेतात आणि विजेवरच्या मोटारीशी येऊन थांबतात. घरातल्या वाहनाचा इतिहास लिहायचा तर तो पाळण्यापासून लिहायला हवा. रस्ता बदलला म्हणून घरातले वाहन बदलत नाही. घरातले माणूस वाढले, कमी झाले किंवा जागचे हलले म्हणजे बदलते.

आमच्याच घराण्याचे उदाहरण घ्या. (घराणे हा शब्द मी इतिहासाच्या सोयीसाठी वापरला. एरवी आम्ही बिऱ्हाड म्हणतो.) माझे आजोबा परळच्या चाळीतून बोरीबंदरजवळच्या कचेरीत ट्रामने जात. मुंबईत घोड्यांची ट्राम आली १८७४ साली, विजेची आली १९०७ साली, आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. निरोप द्यायला रस्त्यावर ही गर्दी! केवढी मोठी क्रांती! आणि आजोबांच्या आयुष्यात तिने काय फरक पडला? काहीही नाही. खोली तीच, कचेरी तीच, डब्यातली भाजीसुद्धा तीच. दुसऱ्या दिवशी ते त्याच वेळी, त्याच ठिकाणी, तीच छत्री घेऊन उभे राहिले आणि ट्रामऐवजी बसमध्ये चढले. त्यांची एकच तक्रार होती. कचेरीत दहा मिनिटे आधी पोहोचावे लागते आणि त्या दहा मिनिटांचा पगार मिळत नाही. शहराने वाहन बदलले, आजोबांनी नाही.

पुढे स्कूटर आली. लग्नात जावयाला घड्याळ, रेडिओ आणि सायकल देण्याची पद्धत त्या वेळी जोरात होती. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला आणि साधारण त्याच सुमारास पुण्यात बजाजची स्कूटर तयार होऊ लागली. ह्या दोहोंपैकी समाजावर अधिक परिणाम कोणाचा झाला, हे सुज्ञास सांगणे नलगे. जावयांनी सायकलवरून उतरून स्कूटरकडे बोट दाखवले. पण किती स्कूटर काढायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे आणि मागणी मात्र लग्नाच्या मुहूर्तावर ठरे. त्यामुळे दोहोंचा मेळ कधी बसला नाही. १९७२ साली चेतक आली ती राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन. तो घोडा एका उडीत ओढा ओलांडून गेला म्हणतात. ही मात्र नोंदणी केल्यापासून दारात यायला वर्षानुवर्षे घेई, काही ठिकाणी तर दहा. लग्न ठरले म्हणून नोंदवलेली स्कूटर हाती पडायची तेव्हा थोरला मुलगा पुढे उभे राहून हँडल धरण्याच्या उंचीचा झालेला असायचा. दोघांसाठी मागवलेल्या वाहनावर चौघे बसलेले आपण पाहत आलो, त्यामागे लोकसंख्यावाढीपेक्षा परवाना पद्धतीचा हात मोठा होता.

आमच्या घरात खरी उलथापालथ झाली ती १९८६ साली. परळच्या दहा बाय बाराच्या खोलीत आजी, आजोबा, काका, बाबा, आई, पाच वर्षांचा मी आणि माझी धाकटी बहीण. तेवढ्यात काकांचे लग्न ठरले. भूमितीच्या कोणत्याही नियमाने ते बसेना. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाल्यापासून चाळीतली दोन-चार बिऱ्हाडे खोली विकून 'तिकडे' गेलेलीच होती. 'तिकडे' म्हणजे डोंबिवली, नालासोपारा, विरार, मीरा रोड, भाईंदर. बाबांनी भाईंदर पूर्वेला घर घेतले. जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटे' असे छापले होते. ही मिनिटे कोणी, कशावर बसून मोजली होती, ह्याचा खुलासा त्यात नव्हता.

भाईंदरला इतिहास नाही, असे आमचे पुण्याचे नातेवाईक म्हणतात. पुण्याचे लोक असे दुसऱ्या कोणत्याही गावाबद्दल म्हणतात, तेव्हा ते मनावर घेण्याचे कारण नाही. चिमाजीअप्पांच्या फौजेने वसईच्या मोहिमेत १७३९ साली धारावीचा किल्ला जिंकला, तो आमच्याच पश्चिमेला चौकच्या टेकडीवर. विरारहून मुंबईला पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ रोजी गेली, तीही आमच्याच खाडीवरून. दिवसाला जाऊन-येऊन एकच फेरी. चुकली तर दुसरे दिवशी. त्या काळच्या उशिरा येणाऱ्या कारकुनांनी साहेबाला काय सबबी सांगितल्या असतील, हा संशोधनाचा विषय आहे. बाकी गाव मिठागरांचे आणि मच्छीमारांचे. नगरपरिषद झाली जून १९८५ मध्ये, म्हणजे आम्ही राहायला आलो तेव्हा ती एका वर्षाची होती आणि रांगत होती. रस्त्यांना अजून पाय फुटायचे होते.

आणि मग आजोबांच्या पिढीत जे ट्राम जाऊनही झाले नाही, ते आमच्याकडे एका सामानाच्या टेम्पोने केले. परळला असताना बाबा पायी कचेरीत जात. आता चर्चगेट सुमारे ४३ किलोमीटरवर गेले. पहिल्या महिन्यात बाबांनी तिमाही पास काढला, गाडीत उभे राहण्याचा डबा ठरवला, त्या डब्यातला भजनी गट ठरवला, आणि मुळात देवावर विशेष विश्वास नसताना टाळ वाजवायला घेतले. कारण टाळ वाजवणाऱ्याला बसायला जागा देत. सकाळी जागा मिळावी म्हणून आधी उलट दिशेने विरारला जायचे आणि तिथून त्याच गाडीने परत यायचे, ही भाईंदरकरांची विद्याही त्यांनी त्याच महिन्यात आत्मसात केली. मुंबईला जाण्यासाठी रोज आधी गुजरातच्या दिशेने निघणारा माणूस पाहून आजोबा एकदा म्हणाले होते, "अरे, ट्राम बरी होती."

परदेशात ह्या गोष्टीवर प्रबंध लिहिले गेले आहेत, हे मला पुष्कळ उशिरा कळले. इंग्लंडातल्या बाथ विद्यापीठाचे बास फेरप्लांकन ह्यांनी एका सहकाऱ्याबरोबर पीटरबरो गावच्या आठशे लोकांच्या सवयी तपासल्या आणि २०१६ साली असे प्रसिद्ध केले, की नुकते घर बदललेल्या माणसाला नवी सवय लावणे सोपे जाते. पण ही खिडकी तीन महिने उघडी असते, मग बंद. जर्मनीत स्टुटगार्टला नव्याने राहायला आलेल्या लोकांना तिथल्या बस-रेल्वेचे एक फुकट तिकीट आणि त्यांच्या पत्त्यापुरती माहिती पाठवून पाहिली, तर त्यांचा तो प्रवास दुपटीहून अधिक झाला. तेच तिकीट वीस वर्षे एकाच घरात राहणाऱ्याला पाठवले असते तर त्याने ते पुस्तकात खूण म्हणून घातले असते. थोडक्यात, माणसाला उपदेश करावा तो त्याच्या घरातले सामान अजून खोक्यांत असतानाच. एकदा खोकी माळ्यावर गेली की उपदेशही माळ्यावर जातो.

हे वाचल्यापासून मला राहून राहून वाटते, की आमच्या गावाने केवढी संधी घालवली! २००१ च्या शिरगणतीत मीरा-भाईंदरची वस्ती सुमारे ५ लाख २० हजार होती. २०११ साली ती ८ लाखांवर गेली. दहा वर्षांत सुमारे तीन लाख माणसे वाढली आणि ती सगळी काही प्रसूतिगृहातून आलेली नव्हती. त्यांतल्या प्रत्येक बिऱ्हाडाला घराच्या चावीबरोबर बसचे वेळापत्रक आणि महिन्याचा पास हातात ठेवला असता तर? मुळात तेवढ्या बस हव्या होत्या, ही गोष्ट खरी. पण खिडकी कोणासाठी थांबत नाही. चावी मिळाल्यावर तिसऱ्या आठवड्यात कुटुंब माझ्या टेबलासमोर येऊन बसते, आणि मी त्यांच्याकडून साठ किंवा चौऱ्याऐंशी हप्त्यांच्या कागदावर सह्या घेतो. त्या सह्या झाल्या, की पुढची सात वर्षे त्यांना बसमध्ये चढवणे ब्रह्मदेवालाही शक्य नाही. ज्या गाडीचा हप्ता जातो ती दारात उभी ठेवून बसने जायचे, ह्याला मध्यमवर्गात पाप म्हणतात. दहिसरहून आमच्याकडे येणाऱ्या मेट्रोची चाचणी २०२५ साली झाली. ती चांगलीच गोष्ट आहे; पण रस्त्यावरच्या गाड्यांपैकी कितींचे कितवे हप्ते चालू आहेत हे मला ठाऊक असल्यामुळे, तिच्यात कोण कधी बसेल ह्याचा अंदाज मी वेळापत्रकापेक्षा लेजरवरून करतो.

वाहन घेताना माणूस हिशेब करतो, असा अर्थशास्त्राच्या पुस्तकांत समज आहे. मी ती पुस्तके परीक्षेपुरती वाचली आहेत. रतन टाटांना स्कूटरवरून जाणारे चौघांचे कुटुंब दिसले, भर पावसात, आणि त्यातून लाखाच्या मोटारीची कल्पना निघाली. १० जानेवारी २००८ ला नॅनो दिल्लीत लोकांपुढे आली, २००९ मध्ये विक्रीला आली, आणि दहा वर्षांच्या आत तिचे उत्पादन थंडावले. गाडीत कुटुंब बसत होते, पावसाचे पाणी लागत नव्हते, हिशेब चोख होता. मग बिनसले कुठे? सर्वांत स्वस्त म्हणून ती खपवली गेली ही चूक झाली, असे खुद्द टाटांनीच पुढे म्हटले. आमच्या टेबलावर हे कोणीही सांगितले असते. मोटार घरात येते ती बहुधा शुभकार्याच्या निमित्ताने. तिला हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, पेढे वाटतात. 'सर्वांत स्वस्त' असे कपाळावर लिहिलेल्या वस्तूचे पेढे वाटायचे कसे? १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली तेव्हा तीही त्या मानाने स्वस्तच होती. साधारण साडेसत्तेचाळीस हजार. पण तिला कोणी स्वस्त म्हटले नाही, नवी म्हटले. लोक त्या एका शब्दावर रांगेत उभे राहिले.

आता इतिहासाच्या ज्या पानावर काही लिहिलेले नसते त्याकडे येतो. आमच्या वाहनांच्या यादीत बाबांचा पास आहे, १९९० ची सेकंडहँड स्कूटर आहे, २०१५ साली बाबांना अर्धांगाचा झटका आल्यावर त्यांना बोरिवलीला डॉक्टरांकडे नेण्यासाठी मी घेतलेली मोटार आहे. प्रत्येक नोंदीसमोर कारण आहे, तारीख आहे. आईच्या नावाने एकही नोंद नाही. आई परळला असताना दादरच्या एका कचेरीत टायपिस्ट होती. अठराव्या वर्षापासून, दहा वर्षे. घरून चालत जायची आणि दुपारी सुट्टीत चालत येऊन आम्हांला बघून जायची. भाईंदरला आल्यावर तिने आठ महिने गाडीने जाऊन पाहिले. बायकांच्या डब्यात सकाळी आत शिरणे ही एक लढाई, दादरला बाहेर पडणे ही दुसरी, आणि संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत धाकटी शेजाऱ्यांकडे झोपून गेलेली. १९८७ च्या मेमध्ये तिने राजीनामा स्वतःच टाइप केला. "एक चूक नव्हती त्यात," असे ती अजून अभिमानाने सांगते. पश्चिम रेल्वेवर पहिली लेडीज स्पेशल धावली ५ मे १९९२ ला, तीही आधी चर्चगेट ते बोरिवली. पुढे विरारपर्यंत गेली. आईला ती पाच वर्षे उशिरा आली. गाड्या उशिरा येतात हे खरे, पण पाच वर्षे म्हणजे जास्तच झाले.

पत्रिकेत आई, घर आणि वाहन ह्या तिघांना एकाच, म्हणजे चौथ्या, स्थानात बसवले आहे. शास्त्रकारांनी हे काय विचाराने केले मला माहीत नाही. पण घर हलले की वाहन हलते आणि दोन्हींची किंमत आईच्या खात्यात नावे पडते, हे त्यांना ठाऊक असावे. बाबा ४३ किलोमीटर जाऊ शकले, कारण आई एकही किलोमीटर गेली नाही. बँकेच्या भाषेत ती जामीनदार होती. जामीनदाराचे नाव कर्जदाराच्या खाली, बारीक अक्षरांत असते.

पुढच्या पिढीत हा हिशेब थोडा सुधारला, आणि त्याचे श्रेय माझ्याकडे नाही. ते स्कूटरमधून गियर आणि किक काढून टाकणाऱ्या इंजिनियरांकडे जाते. १९७२ साली पुण्याच्या फिरोदियांची लूना आली, १९८४ साली बटण दाबून सुरू होणारी कायनेटिक होंडा आली, आणि त्यांच्या वंशातल्या गाड्यांनी अर्ध्या लोकसंख्येला चावी दिली. आमच्या मुलीचा जन्म २०११ चा. ती सहा महिन्यांची झाल्यावर आमच्या हिने अंधेरीची शाळा सोडून मीरा रोडची धरली, पण शाळा सोडली नाही; आणि तिसऱ्या दिवशी माझ्याच टेबलावर येऊन स्कूटरच्या कर्जाचा फॉर्म मागितला. उद्देशाच्या रकान्यात तिने 'स्वतःच्या वापराकरिता' असे लिहिले. गेल्या कित्येक वर्षांत तो रकाना खरा भरलेला मी एवढाच पाहिला.

२०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या, तेव्हा अख्ख्या शहराच्याच घरात एकदम मोठी घटना घडल्यासारखे झाले. जुलैपासून आम्हां राष्ट्रीयीकृत बँकांच्या लोकांना ओळखपत्रावर गाडीत प्रवेश होता. रिकाम्या डब्यात खिडकीशी बसून मी भाईंदर ते चर्चगेट जात असे, आणि वाहनयोग उत्तम असूनही माणसाला इतके उदास का वाटावे, ह्याचा विचार करीत असे. जुन्या मोटरसायकलींना भाव आला. परिस्थिती सुरळीत झाल्यावर त्यांतले कित्येक गाडीत परत आले, कित्येक आले नाहीत. तीन महिन्यांची खिडकी त्यांच्या बाबतीत पुष्कळ लांबली होती.

बाबा २०२१ च्या पावसाळ्यात गेले. मोटार त्यांच्यासाठी घेतली होती, आता ती बहुतेक वेळ इमारतीखाली झाडाची पाने गोळा करते. आईला तिच्यात बसायला आवडत नाही. "तुझी रजा बघायची, मग पेट्रोल बघायचं, मग पार्किंग बघायचं, माणूस बघायचं राहूनच जातं," असे ती म्हणते. १७ मार्च २०२३ पासून एस. टी. त बायकांना अर्धे तिकीट झाले. पंधरा दिवसांत आई बोरिवलीच्या नॅन्सी कॉलनीतून एकटी चिपळूणला बहिणीकडे जाऊन आली. मग दापोली. मग पंढरपूर, तेही एकादशी नसताना, कारण एकादशीला जागा मिळत नाही हे ती बाबांच्या भजनी मंडळाकडून शिकली होती. तिच्या पर्समध्ये आता वेळापत्रकाची वही आहे. कोणती गाडी कुठे जेवायला थांबते आणि तिथला चहा कसा, हे तिने टायपिस्टच्या नेटकेपणाने रकाने आखून लिहिले आहे.

गेल्या वर्षी तिला पासष्ट पूर्ण झाली. एस. टी. त पासष्टीनंतर ज्येष्ठ नागरिक म्हणूनही अर्धे तिकीट असते. तिने कंडक्टरला विचारले, "बाई म्हणून अर्धं माफ, म्हातारी म्हणून अर्धं माफ, मग राहिलं किती?" कंडक्टर म्हणाला, "आजी, दोन सवलती एकदम नाही मिळत. पंचाहत्तरीला या, पूर्ण माफ आहे."

"येते," आई म्हणाली, आणि खिडकीशी जाऊन बसली.